डावं चाक

भाऊबीजेच्या सकाळी नरहरी आला, तेव्हा कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. फाटकाचा आवाज तिनं ऐकला, इंदूवहिनीचं "या भाऊजी" ऐकलं, करंज्यांच्या डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. मग डाव्या पायावर भार न देता, सवयीप्रमाणे ओट्याला टेकून उभी राहिली.

चोवीस वर्षांत नरहरी वर्ध्याहून रायपूरला तीनदा आला होता, आणि तिन्ही वेळा पंगत उठताच परतीच्या गाडीला लागला होता. या वेळी त्याला पुतण्यानं, शेखरनं, फोन करून बोलावलं होतं. भाऊबीजेसाठी नाही, गाडीसाठी.

गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती गाडी. एका खाणमालकानं मोडीत काढलेली ती गाडी शालिग्राम आणि नरहरी या दोघा भावांनी एकाहत्तर साली मिळून घेतली. थोरला शालिग्राम रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर, म्हणून दुरुस्ती त्याची. धाकट्या नरहरीचा हात स्टिअरिंगवर चांगला, म्हणून चालवणं त्याचं. शर्यतीच्या गाडीत बसून टेंभेकरांची पोरं भाजी आणायला जातात, असं पुरानी बस्तीत लोक हसून म्हणत. एकोणऐंशीच्या माघात राजिमच्या जत्रेहून परत येताना अभनपूरच्या अलीकडे गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. नरहरी चालवत होता, शेजारी धाकटी बहीण कुमुद होती. तिचा डावा गुडघा गेला, आणि दोन महिन्यांवर आलेलं लग्नही मोडलं. वडिलांनी, नीलकंठरावांनी, नरहरीला घराबाहेर काढलं. आठ महिन्यांनी ते वारले, ते त्याचं तोंड न पाहताच.

तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. पुढे पुरानी बस्ती सुटली, चौबे कॉलोनीत घर झालं, तर गाडी ताडपत्रीसकट इकडच्या शेडमध्ये आली. शालिग्रामनं तिला कोणाला हात लावू दिला नाही. विकूही दिली नाही.

पण राज्य नवीन झालं, राजधानी रायपूर झाली आणि शालिग्रामचा मुलगा शेखर भोपाळहून बदलून इथल्या मंत्रालयात आला. यंदा राज्य स्थापना दिवसाला जुन्या गाड्यांची एक फेरी काढायचं त्याच्या साहेबांच्या मनात आलं, आणि शेखर भर मीटिंगमध्ये बोलून बसला, "सर, आमच्या घरी एक आहे." आता पाच दिवस उरले होते.

---

शेडमध्ये शेखरची मुलगी अनुश्री बोनेट उघडून उभी होती. भिलाईला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि दिवाळीच्या सुट्टीआधीपासून दर शनिवार-रविवार याच गाडीखाली पडून होती. ताडपत्री तिनंच काढली होती. आजोबा नाही म्हणत राहिले आणि ती प्लग काढत राहिली.

"चालू तो एकदम हो जाती है," ती नरहरीला सांगत होती. मराठी तिला सगळी समजायची, पण तोंडात हिंदीच यायची. "दस मिनट चलती है, फिर आचके देऊन बंद. आधा घंटा रुको, फिर चालू. मला वाटलं कॉइल गरम होके बैठ रही है. कॉइल बदली. कंडेन्सर बदला. पॉइंट नए. फिर भी वही."

नरहरी हात मागे बांधून उभा होता. एकोणसाठ वर्षांचा, बारीक चणीचा, पांढरा बुशशर्ट घातलेला. गाडीपासून तो दोन हात लांबच उभा राहिला होता.

"चालू कर," तो म्हणाला.

इंजिन लागलं. त्यानं डोळे मिटले. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या शालिग्रामला त्याचा तो चेहरा ओळखीचा होता. पूर्वीही नरहरी असाच ऐकायचा आणि शालिग्राम पाना घेऊन तो काय म्हणतो याची वाट पाहायचा. आठ मिनिटं इंजिन चालत राहिलं. मग आवाज बारीक झाला, इंजिन थरथरायला लागलं.

"आता टाकीचं झाकण उघड."

अनुश्रीनं मागे जाऊन झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा मोठा सुसकारा झाला. इंजिन एकदा खोकलं आणि पुन्हा ठणठणीत चालायला लागलं.

"झाकणाले बारीक भोक असते हवेसाठी," नरहरी म्हणाला. "ते बुजलं असन. हवा आत येत नाही, तं पेट्रोल बाहेर कसं येईन?"

तिनं केसातली पिन काढून झाकणाच्या आत टोचलं. वाळलेल्या मातीचा भुगा तळहातावर पडला. कुंभारीण माशीनं भोकात घर केलं होतं.

"पंद्रह दिन, छोटे आजोबा. पंद्रह दिन मैं करंट में ढूँढती रही."

"करंट गेला तं इंजिन झटका देऊन बंद पडते. हे उपाशी मरत होतं. आवाज निराळा असते."

शालिग्रामला बरं वाटलं. भाऊ येऊन तासभरही झाला नव्हता आणि शेडमध्ये पूर्वीसारखं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात नरहरीनं जमिनीकडे पाहत विचारलं, "ब्रेक पाह्यले का?"

"आजोबा बोले, ब्रेक उन्होंने देख लिए. हाथ मत लगाना बोले."

"हव," शालिग्राम म्हणाला. "मी पाह्यले. ठीक आहेत."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हेच शब्द, याच क्रमानं, तो वडिलांपुढे बोलला होता. त्यानं ब्रेक पाहिले नव्हते असं नाही. गेल्या आठवड्यात सगळे झोपलेले पाहून भरदुपारी तो गाडीखाली शिरला होता. कसंही करून उघडायचं, आतलं सगळं काढून नवं भरायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही. पण नट गंजून बसले होते आणि सहासष्टाव्या वर्षी मनगटात जोर राहिला नव्हता. पाना दोनदा सटकला. नंतर बायकोनं, इंदूनं, बोटावरची जखम पाहिली आणि काही न विचारता हळद लावली.

"चलो, एक राउंड," अनुश्री म्हणाली. "छोटे आजोबा, आप चलाओ."

"मी नाही चालवत बेटा. स्कूटरही नाही चालवत."

"काहून?"

"माझ्या पायाचा मले भरवसा नाही," नरहरी म्हणाला आणि डावीकडच्या सीटवर, एकोणऐंशीत कुमुद जिथे बसली होती तिथे, जाऊन बसला.

---

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. कॉलोनीतली पोरं उरलेले फटाके सोडून मागे धावली. तिसऱ्या फेरीत अनुश्रीला गाडी जड वाटायला लागली, जणू मागून कोणी पदर धरला आहे. वळणावर ब्रेक दाबून तिनं पाय उचलला, पण गाडी काही मोकळी झाली नाही. डावीकडे ओढत, घसटत कशीबशी घराच्या फाटकाशी आली आणि थांबली. जळका वास सुटला होता. शेखर आणि शेजारच्या दोघांनी मिळून गाडी ढकलत शेडमध्ये आणली, तर ढकलतानाही ती अडत होती.

अनुश्रीनं पुढच्या डाव्या चाकावर पाण्याचे थेंब टाकले. चर्र झालं.

"ब्रेक छूट ही नहीं रहा. खोलना पड़ेगा."

"राहू दे," शालिग्राम खुर्चीतून उठला. "फेरी किती, चार किलोमीटर. ब्रेक दाबूच नको. गिअरवर थांबव."

अनुश्रीनं त्याच्याकडे पाहिलं. वॅगनचा एक नट ढिला असला तर आख्खी गाडी थांबवून ठेवणारा माणूस, असं कारखान्यातले लोक अजून तिच्या आजोबांबद्दल सांगत.

"आजोबा, ये आप बोल रहे हो?"

"अनु, बाबा म्हणतात तर राहू दे ना," शेखर म्हणाला. "उघडलं आणि पार्ट मिळाला नाही तर? मी साहेबांना शब्द देऊन बसलोय."

"उघड," नरहरी म्हणाला.

तो एवढंच म्हणाला, पण शेखर बाजूला झाला. शालिग्रामनं खुर्चीच्या पाठीला धरलं आणि उभाच राहिला.

जॅक लागला. चाक निघालं, मग ड्रम निघाला. शेखर नाइलाजानं पाय देऊन पान्यावर उभा राहिला तेव्हा कुठे गंजलेले नट सुटले होते. अनुश्रीनं सिलिंडरमधल्या रबरी वाट्या स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून बाहेर काढल्या. त्या पाकात मुरलेल्या गुलाबजामासारख्या फुगून मऊ पडल्या होत्या. ती जरा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली, मग उठून बोनेटखालच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट बुडवलं, बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला.

"आजी, एक वाटी पानी देना."

इंदू चहा घेऊन आली होती. तिनं पाणी आणून दिलं. तिच्या मागून कुमुद आली, जेवायला बोलवायला म्हणून, आणि दाराच्या चौकटीशीच थांबली. नरहरीकडे तिनं पाहिलं नाही.

अनुश्रीनं वाटीत दोन थेंब टाकले. थेंब वर आले आणि तेलकट तवंग होऊन पसरले.

"देखो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. ये ऊपर तैर रहा है. किसी ने ब्रेक में मशीन का तेल डाल दिया." शोध लागल्याच्या आनंदात तिचा आवाज चढला होता. "रबर इससे फूल जाता है, तेल लौटने का रास्ता बंद. पाँव उठा लो, तब भी ब्रेक लगा रहेगा. गाड़ी गरम हुई तो चाक जाम. जिसने भी डाला, एकदम अनाड़ी आदमी था."

इंदूनं ट्रे खाली ठेवला.

"पुन्हा सांग बेटा," नरहरी म्हणाला. "मराठीत सांग."

अनुश्री शब्द शोधत, एकेक जोडत बोलली. "पाय उचलला... तरी ब्रेक सुटत नाही. गाडी आपोआप अडते. आणि एका बाजूला खेचते."

"कोणत्या बाजूले?"

"ज्या चाकाचं रबर जास्त फुगलं असेल, त्या. हे डावं आहे ना, म्हणून डावीकडे."

"आणि हे जुनं आहे का आत्ताचं?"

"बहुत जुनं. आत सगळं घट्ट झालंय. गाडी उभी राहायच्या आधीचं आहे हे."

नरहरीनं मान हलवली. मग चाक काढलेल्या जागी खाली बसला आणि ती रबराची वाटी हातात घेतली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो वडिलांना म्हणाला होता, "मी पाय उचलला होता बाबा. गाडी आपल्या मनानं डावीकडे गेली." वडिलांनी शालिग्रामकडे पाहिलं होतं. शालिग्राम म्हणाला होता, ब्रेक मी पाहिले, ठीक आहेत. कारखान्यातला फिटर सांगतो म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिलं वर्षभर नरहरी स्वतःशी सांगत राहिला की पाय उचलला होता. दुसऱ्या वर्षी म्हणाला, उचलला असेल. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्याला स्वतःचा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला स्पष्ट दिसायला लागला, जे कधी घडलंच नव्हतं ते. मुलानं, सुशीलनं, अकरावीत असताना मोटरसायकल मागितली तेव्हा त्यानं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "माझ्या चुकीनं तुझ्या आत्याचा पाय गेला. आणि वरून मी खोटं बोललो."

"दादा," नरहरीनं वर न पाहता विचारलं, "हे तेल कोणी भरलं होतं?"

शालिग्रामच्या तोंडून उत्तर इतक्या सहज आलं की त्यालाच नवल वाटलं. "गुलाबरावानं भरलं असन. सदर बाजारातला तो मेकॅनिक. जत्रेच्या आधी गाडी त्याच्याकडेच तं होती."

गुलाबराव मरून अकरा वर्षं झाली होती.

"चला, म्हणजे झालं," शेखर घाईनं म्हणाला. "काकांची चूक नव्हती, आणि बाबांचीही नाही. इतकी वर्षं सगळे उगीच..."

नरहरी मान हलवत होता. त्याला तेवढंही पुरेसं होतं. तो उठून उभा राहिला आणि हात पुसायला कापड शोधू लागला.

---

कुमुद चौकटीला धरून उभी होती.

तिला नरसाळं आठवलं. पुरानी बस्तीतलं अंगण, संध्याकाळची वेळ, आणि दादानं "कुमे, नरसाळं आण" म्हटल्यावर तिनं स्वयंपाकघरातून पळवलेलं पितळेचं नरसाळं. तेव्हा ती धावू शकत होती. दादानं कारखान्यातून आणलेला चौकोनी डबा वाकवला होता आणि तिनं दोन्ही हातांनी नरसाळं धरलं होतं. रात्री वहिनीनं त्या नरसाळ्याच्या वासावरून केवढं तोंड सोडलं होतं. चोवीस वर्षांत ही आठवण तिला कितीदा तरी आली असेल; घरातली एक गंमत म्हणून. तिनं ती कधी गाडीच्या ब्रेकशी लावून पाहिली नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमचं पितळेचं नरसाळं आठवते?"

"कोणतं नरसाळं," इंदू म्हणाली. फार लवकर म्हणाली.

"तेलाचा वास लागला म्हणून तुम्ही फेकून देलं होतं ते."

"सणाच्या दिवशी जुनं काहून उकरून राहिली कुमुद? पानं घ्यायची आहेत. चल."

कुमुदनं वहिनीकडे नीट पाहिलं. इंदूची मान खाली गेली. तिला सगळं माहीत नसेल, पण कधीतरी शंका आली असेल आणि तिनं ती नरसाळ्यासारखीच फेकून दिली असेल, हे कुमुदला समजलं.

"दादा, गाडी गुलाबरावाकडे नव्हती. अंगणात होती. तेल तू भरलं. नरसाळं मी धरलं होतं."

शालिग्रामनं खुर्चीत बसायचा प्रयत्न केला, पण खुर्ची सरकली आणि तो तसाच उभा राहिला. शेखर वडिलांच्या बाजूनं काही बोलेल म्हणून त्यानं त्याच्याकडे पाहिलं. शेखर वाटीतल्या तवंगाकडे पाहत होता.

"हव," शालिग्राम म्हणाला. "मीच भरलं."

"आजोबा..." अनुश्रीच्या तोंडून निघालं. 'अनाड़ी' हा शब्द तिला आत्ता ऐकू आला.

"ब्रेक ऑइल गावात कुठंच मिळालं नाही. जत्रा चार दिवसांवर होती. कारखान्यातून मशीनचं तेल आणलं. मी म्हटलं, तेल ते तेल."

"तुले कधी कळलं?" कुमुदनं विचारलं.

"पहिल्या दिवशी नाही कळलं. बाबाइले सांगितलं तेव्हा मले खरंच वाटत होतं का ब्रेक ठीक आहेत."

"कधी कळलं, दादा?"

"वीस दिवसांनी. तू दवाखान्यातच होती. मी उघडून पाह्यलं. रबर असंच फुगलं होतं. मी ते पुन्हा लावून देलं."

"तेव्हा बाबा होते."

"होते."

"त्याच्यानंतर सात महिने होते बाबा. रोज तू त्यांच्या खाटेजवळ बसत होता."

"हव."

"आणि त्याइले एकदाही..."

"फिटर होतो मी," शालिग्राम म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की शेखरला पुढे व्हावं लागलं. "आधी भीती होती. नोकरी जाईन, कारखान्यातलं तेल नेलं म्हणतीन. मंग बाबा गेले, मंग नुसती लाज राहिली. दर दिवाळीले ठरवत होतो, यंदा सांगू. आणि मनात येत होतं, नरू विचारन का मागच्या दिवाळीले काहून नाही सांगितलं. त्याचं उत्तर नव्हतं. आज सांगावं म्हटलं तं तोंडातून गुलाबराव निघाला."

इंदूनं पदर तोंडाला लावला. "पुरे करा आता," ती म्हणाली. "ह्यांचं वय पाहा. भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिले."

नरहरीनं काळे हात शर्टालाच पुसले. कुमुद वळून घरात गेली. तिचा पाय ओढत चालण्याचा आवाज अंगणभर ऐकू आला, मग परत येताना ऐकू आला. तिच्या हातात निरांजनाचं तबक होतं. पाट नव्हता, ताटाभोवती रांगोळी नव्हती. पान्यांच्या आणि तेलाच्या मधोमध तिनं नरहरीला थांबवलं, कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ओवाळलं. त्याच्या शर्टावर काळे हात पुसल्याचे डाग होते. अनुश्रीनं तबकाला खालून हात दिला.

"नरूदादा, मी तुझी पत्रं फोडली नाही," कुमुद म्हणाली. "एकही नाही. तशीच पोस्टमनजवळ परत देत होती."

"माहीत आहे मले. वर्ध्याले येत होती ती परत."

"मले शरम वाटून राहिली."

"तुले काहून? तुले जे सांगितलं ते तू मानलं. मीही मानलं."

ती तबक घेऊन शालिग्रामकडे वळली नाही. दरवर्षी पहिलं त्यालाच ओवाळायची. शालिग्राम कडेला सरकून तिच्यासाठी वाट मोकळी करून उभा राहिला.

---

नरहरी भावासमोर आला तेव्हा शालिग्रामला वाटलं, आता तो हात उचलेल. उचलावा असंही वाटलं.

"मले काही सांगू नको दादा," नरहरी म्हणाला. "सुशीलले सांग."

"कोणाले?"

"माझ्या पोराले. त्याले मी सांगितलं होतं का चूक माझी, आणि वरून खोटं बोललो. आता मी फिरवून सांगितलं तं त्याले वाटन, म्हातारा बहाणा शोधून राहिला. तू सांग. तुझ्या तोंडानं."

"घरातली गोष्ट आहे भाऊजी," इंदू म्हणाली. "पोराइपर्यंत काहून न्यायची?"

"आई, पोरांपर्यंत ती कधीचीच गेलेली आहे," शेखर म्हणाला. "आम्ही मोठे झालो ते हेच ऐकत. मीच सुशीलला एकदा म्हणालो होतो, तुझे वडील..." मग तो हात धुऊन आत गेला आणि बैठकीतल्या फोनवर स्वतःच नंबर लावला. घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर वडिलांच्या हातात दिला.

"हॅलो."

"सुशील, मी शालिग्राम बोलतो. मोठा काका."

"काका, नमस्कार. बाबा पोहोचले ना?"

"पोहोचले. इथंच आहेत." शालिग्रामनं भिंतीला हात टेकला. मागे सगळे उभे होते हे त्याला न पाहता कळत होतं. "सुशील, मले तुले एक सांगाचं आहे. मधी बोलू नको, नाही तं माझ्यानं होणार नाही."

त्यानं सांगितलं. तेल कुठून आणलं ते सांगितलं, नरसाळ्याचं सांगितलं, वीस दिवसांनी उघडून पाहिल्याचं आणि पुन्हा लावल्याचं सांगितलं. आत्ता थोड्या वेळापूर्वी गुलाबरावाचं नाव घेतल्याचंही सांगितलं, ते सुशीलला कळायची गरज नव्हती तरी. बोलताना एकदा अडखळला तेव्हा कुमुदनं मागून म्हटलं, "बाबांचं सांग," आणि त्यानं तेही सांगितलं.

तिकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"बाबांनी हे ऐकलं?" सुशीलनं विचारलं.

"ऐकलं. आत्ताच."

"आत्यानं?"

"तिनंही."

"मग आता फक्त आई राहिली," सुशील म्हणाला. "तिला कोण सांगणार काका?"

सत्यभामा, नरहरीची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला शालिग्राम गेला नव्हता. ताप आहे असं कळवलं होतं. ताप नव्हता, नरहरीच्या घरात त्याच्या बायकोच्या फोटोपुढे बसून जेवायची त्याची छाती झाली नव्हती, एवढंच. तो रिसीव्हर कानाला धरून उभा राहिला. शेवटी सुशीलच म्हणाला, "बाबांना द्या."

नरहरीनं रिसीव्हर घेतला. कितीतरी वेळ तो नुसता हुंकार देत होता. "हो रे. ऐकलं... नाही, मी ठीक आहे... तू रडू नको, पोरं घाबरतीन." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं आणि नरहरी शेजारच्या स्टुलावर बसला.

"नाही, तुझ्या आईले सांगायची गरज नव्हती," तो म्हणाला. "ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. तुम्ही म्हणता पाय उचलला, तं उचललाच असन, म्हणे. शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही म्हणाली. मी तिच्यावर चिडलो होतो सुशील. म्हटलं, पुरे कर, मले बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नको."

रिसीव्हर मांडीवर आला. त्यातून सुशीलची बारीक हाक येत राहिली, "बाबा, बाबा." कोणीच तो उचलला नाही. शेवटी शालिग्राम खाली वाकला, भावाच्या मांडीवरून रिसीव्हर घेतला आणि त्याच्या कानाशी धरला. नरहरीनं त्याचा हात बाजूला सारला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. शालिग्रामचं मनगट भरून आलं, तरी तो तसाच वाकून धरून उभा राहिला.